कॉम्प्युटरवरचे मेल जपायचे कसे: थंडरबर्ड वापरणाऱ्या नवख्यांसाठी

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की तो नागपुरातल्या बर्डीवरच्या एखाद्या दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ठेवायचे ना?" आपण हो म्हणतो. सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो, नवं विंडोज पडतं, संध्याकाळी कॉम्प्युटर परत येतो. थंडरबर्ड, म्हणजे आपला मेलचा प्रोग्राम, पुन्हा टाकून उघडलं की समोर कोरा इन्बॉक्स. मेल डेस्कटॉपवर नव्हते आणि डॉक्युमेंट्समध्येही नव्हते. ते एका लपवलेल्या फोल्डरमध्ये होते आणि तो फोल्डर ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानदारानं विचारलं तेवढं त्यानं जपलं.

मेल गमावण्याचा हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. व्हायरस किंवा डिस्क जळणं त्याच्यानंतर येतं. वाडीतलं ट्रान्सपोर्टचं ऑफिस असो, इतवारीतली पेढी असो की सिव्हिल लाइन्समधलं वकिलांचं चेंबर, दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार एका कॉम्प्युटरवर साठलेला असतो: भाड्याचे दर, बिलं, पोचपावत्या, नोटिसांची उत्तरं. जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि त्यातली कितीतरी कागदं आता फक्त मेलच्या अटॅचमेंटमध्येच असतात. हा साठा सांभाळायला तंत्रज्ञ व्हायची गरज नाही. आपले मेल नेमके कुठे राहतात आणि कोणत्या क्षणी त्यांना धोका असतो, एवढं नीट कळलं की बाकी कामं आठवड्याला पंधरा मिनिटांची आहेत.

तुमचं खातं पॉप आहे की आयमॅप, हे आज बघा

थंडरबर्डमध्ये डावीकडे खात्याच्या नावावर उजवी क्लिक करा, सेटिंग्ज उघडा आणि सर्व्हर सेटिंग्जवर जा. वरच "सर्व्हर टाइप" लिहिलेला असतो. तो पॉप आहे की आयमॅप, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

पॉप असेल तर थंडरबर्ड सर्व्हरवरून, म्हणजे मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, मेल उतरवून घेतं आणि तुमच्या डिस्कवर ठेवतं. त्याच पानावर "लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर" अशी चौकट असते. तिच्यावर टिक नसेल, किंवा खाली "१४ दिवसांपर्यंत" असं काही निवडलेलं असेल, तर तेवढ्या काळानंतर त्या मेलची जगातली एकुलती एक प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर उरते. पाठवलेले मेल तर पॉपमध्ये सहसा तुमच्याच डिस्कवर असतात. पॉप वापरणाऱ्यानं बॅकअप घेतलाच पाहिजे, यात पर्याय नाही.

आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर राहतात आणि कॉम्प्युटरवर त्यांचं प्रतिबिंब असतं. डिस्क गेली तरी पुन्हा लॉगिन करून सगळं परत उतरतं. म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. मोबाइलवरून कुणी फोल्डर उडवला की ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवरूनही तो उडतो. कंपनीनं खातं बंद केलं, डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं, पासवर्ड चोरीला गेला, की दोन्हीकडचं एकदम संपू शकतं.

आयमॅप खात्यात आणखी एक जागा जपण्यासारखी आहे. खात्याच्या सेटिंग्जमध्ये "सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज" पानाच्या खालच्या भागात जुने मेल आपोआप पुसण्याचे पर्याय असतात. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून लोक तिथे "अमुक दिवसांपेक्षा जुने पुसा" निवडतात. ही निवड सर्व्हरवरचे मूळ मेलसुद्धा कायमचे पुसते, तसं तिथे लिहिलेलंही असतं. "डोन्ट डिलीट एनी मेसेजेस" हीच निवड असू द्या.

आयमॅपवाल्यांची "लोकल फोल्डर्स" बद्दलही गल्लत होते. जीमेलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंमध्येही वाटली जाते, ती भरत आली की जुने मेल ओढून लोकल फोल्डर्समध्ये टाकले जातात. कल्पना चांगली आहे, पण त्या क्षणापासून ते मेल सर्व्हरवर नसतात, फक्त तुमच्या डिस्कवर असतात. असं करताना मूव्ह करू नका, आधी कॉपी करा. हजारो मेल एकदम ओढले आणि मध्येच नेट तुटलं तर कुठपर्यंत आले ते कळत नाही, म्हणून दोन-तीनशेच्या तुकड्यांनी घ्या. दोन्हीकडची संख्या जुळवा, दहा-बारा मेल अटॅचमेंटसकट उघडून पाहा, मगच सर्व्हरवरचे पुसा.

डिस्कवर मेल कसे दिसतात

मेन्यूची पट्टी दिसत नसेल तर कीबोर्डवरचं ऑल्ट बटण दाबा. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा. तिथे "प्रोफाइल फोल्डर" पुढे "ओपन फोल्डर" असं बटण आहे, ते दाबलं की तुमच्या मेलचं घर उघडतं. विंडोजमध्ये हे घर सी ड्राइव्हवर यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स अशा वाटेवर असतं. यातला ॲपडेटा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, म्हणून साध्या नजरेला तो कधी दिसतच नाही.

आत "मेल" नावाच्या फोल्डरमध्ये पॉप खाती आणि लोकल फोल्डर्स असतात, "आयमॅपमेल"मध्ये आयमॅप खाती. त्यातल्या कोणत्याही खात्यात गेलात की इन्बॉक्स नावाच्या दोन फाइली दिसतील. एकीला शेवटी काहीच नाही आणि तिचा आकार मोठा, कधी कधी काही जीबी. दुसरीच्या नावाला शेवटी एमएसएफ लागलेलं आणि ती लहान.

मोठी फाइल म्हणजे तुमचे मेल. इन्बॉक्समधला प्रत्येक मेल एकाखाली एक, एकाच लांबलचक मजकुराच्या फाइलीत लिहिलेला असतो. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. एमएसएफवाली लहान फाइल ही अनुक्रमणिका: कोणता मेल फाइलीत कुठे सुरू होतो, वाचला की नाही, विषय काय. लहान फाइल हरवली तर थंडरबर्ड मोठीवरून ती पुन्हा तयार करतं. मोठी हरवली तर लहानीवरून काहीच तयार होत नाही. एवढा फरक लक्षात राहिला तर बिघाडाच्या वेळी निम्मी घाबरगुंडी टळते.

अटॅचमेंटही त्याच फाइलीत, अक्षरांच्या रूपात लिहिलेल्या असतात, आणि त्या रूपांतरात आकार साधारण एक तृतीयांशानं वाढतो. १० एमबीची स्कॅन केलेली बिल्टी मेलमध्ये १३ एमबीच्या वर जागा खाते. इन्बॉक्स इतका कसा फुगला, याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

डिलीट केलेला मेल जात नाही, म्हणून कॉम्पॅक्ट

तुम्ही मेल डिलीट करता, तो ट्रॅशमध्ये जातो, ट्रॅशही रिकामा करता. तरी इन्बॉक्सच्या फाइलीतून एक अक्षरही कमी झालेलं नसतं. इतक्या मोठ्या फाइलीच्या मधून तुकडा काढायचा तर पुढचं सगळं पुन्हा लिहावं लागेल. म्हणून थंडरबर्ड त्या मेलवर फक्त "पुसलेला" अशी खूण करतं आणि तो दाखवणं बंद करतं. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेल्या मेलचंही हेच: जुन्या फाइलीत खूण केलेली प्रत उरते. रोज पन्नास-साठ मेल येऊन हलवले जाणाऱ्या ऑफिसात इन्बॉक्समध्ये दोनशे मेल दिसतात आणि फाइल मात्र ४ जीबीची, हे अगदी साधं दृश्य आहे.

ती जागा मोकळी करण्याच्या कामाला कॉम्पॅक्ट म्हणतात. थंडरबर्ड एक नवी तात्पुरती फाइल उघडतं, खूण नसलेले मेल तिच्यात उतरवतं, आणि शेवटी जुनी काढून नवी तिच्या जागी ठेवतं. यातून तीन गोष्टी ओघानं येतात. एक, डिस्कवर निदान त्या फोल्डरएवढी मोकळी जागा हवी. ६ जीबीचा इन्बॉक्स आणि ३ जीबी मोकळी जागा असताना कॉम्पॅक्ट लावू नये. दोन, काम मध्ये तुटता कामा नये. मूळ फाइल बहुतेक वेळा शाबूत राहते, पण नेमक्या अदलाबदलीच्या वेळी लाइट गेली तर अर्धी फाइल हाती येऊ शकते. तीन, कॉम्पॅक्ट झाल्यावर पुसलेले मेल खरोखर गेलेले असतात.

करायचं असं. आधी खाली दिलेल्या रीतीनं बॅकअप घ्या. मग एकेका फोल्डरवर उजवी क्लिक करून "कॉम्पॅक्ट" निवडा. फाइल मेन्यूतल्या "कॉम्पॅक्ट फोल्डर्स"नं सगळे फोल्डर एकामागून एक होतात, पण पहिल्या वेळी साठा मोठा असतो, तेव्हा एकेकच करा. खालच्या पट्टीत संदेश दिसतो. तो संपेपर्यंत मेल हलवू नका, शोधू नका, लॅपटॉपचं झाकण लावू नका. दुपारी जेवायच्या सुट्टीत लावून द्यावं, हे उत्तम.

महिन्यातून एकदा पुरेसं आहे. सेटिंग्जच्या "जनरल" पानावर डिस्कच्या जागेबद्दलच्या भागात ठरावीक एमबी वाचत असतील तर आपोआप कॉम्पॅक्ट करण्याची सोय आहे. लॅपटॉप असेल किंवा यूपीएस धड असेल तर ती चालू ठेवा. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर ती बंद करून स्वतः वेळ ठरवून कॉम्पॅक्ट करणं बरं, कारण मे महिन्यात वावधान सुटलं की लाइट कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस आहे म्हणूनही निश्चिंत राहू नका. त्यातली लेड-ॲसिड बॅटरी उकाड्यात लवकर म्हातारी होते, नवतप्यात बंद खोलीत तर फारच. वर्षातून एकदा मार्चमध्ये, काम जतन करून, प्लग काढून बघा किती मिनिटं टिकतो. दोन मिनिटांत शिट्टी मारून बंद पडत असेल तर बॅटरी बदला.

काम तुटलंच तर फोल्डरांच्या यादीत एनएसटीएमपी अशा नावाचे अनोळखी फोल्डर दिसू शकतात. त्या उरलेल्या तात्पुरत्या फाइली आहेत. लगेच पुसू नका. मूळ फोल्डरमधले मेल पूर्ण आहेत याची खात्री करा, थंडरबर्ड बंद करा आणि मगच प्रोफाइल फोल्डरमधून त्या काढा.

चुकून पुसला आणि अजून कॉम्पॅक्ट केलं नाही

पॉप खात्यात किंवा लोकल फोल्डर्समध्ये असं झालं तर मेल बहुतेक परत मिळतो. थंडरबर्ड ताबडतोब बंद करा. त्या फोल्डरच्या मोठ्या फाइलीची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग मूळ फाइल नोटपॅड प्लस प्लससारख्या एडिटरमध्ये उघडा. विंडोजचा साधा नोटपॅड काहीशे एमबीच्या फाइलीपुढे गुडघे टेकतो. मेलचा विषय किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता शोधा. त्या मेलच्या सुरुवातीच्या ओळींमध्ये "एक्स-मोझिला-स्टेटस" अशी इंग्रजीत लिहिलेली ओळ असते आणि तिच्यापुढे चार अंक. वाचून पुसलेल्या मेलवर ते अंक सहसा ०००९ असतात. शेवटचं अक्षर ८, ९ किंवा ए ते एफ यांपैकी काहीही असेल तर तो पुसलेला. फक्त शेवटचं अक्षर बदलून १ करा, आधीच्या तिघांना हात लावू नका. तिच्याखालची, नावाला २ जोडलेली तशीच ओळ आहे तशी राहू द्या. फाइल सेव्ह करा, त्याच नावाची एमएसएफ फाइल पुसा, थंडरबर्ड सुरू करा. मेल परत आलेला दिसतो.

सगळ्या फाइलीत एकदम अंक बदलायचा मोह होतो. तसं केलंत तर आजवर हलवलेले सगळे मेलही उठून बसतात आणि प्रत्येक मेल दोनदा दिसायला लागतो.

इन्बॉक्स हा गोदाम नव्हे

नवा मेल आला की ज्या फाइलीत लिहिलं जातं ती इन्बॉक्सची, म्हणून बिघडण्याची शक्यताही तिचीच जास्त. वर्षानुवर्षांचे मेल तिथे ठेवू नयेत. काम झालेला मेल निवडून इंग्रजी ए दाबा, तो अर्काइव्हमध्ये जातो. खात्याच्या सेटिंग्जमध्ये "कॉपीज अँड फोल्डर्स" पानावर अर्काइव्ह ऑप्शन्समध्ये वर्षावार फोल्डरची निवड आहे, ती ठेवा. २०१९ चा फोल्डर मग पुन्हा लिहिला जात नाही, आणि ज्यात काही लिहिलं जात नाही ते सहसा बिघडतही नाही. सेंट फोल्डरकडे कुणाचं लक्ष नसतं. तोही वर्षातून एकदा असाच हलका करा.

जड अटॅचमेंटवर उजवी क्लिक करून "डिटॅच" केलं की ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह होऊन मेलमधून निघते. जागा अर्थात कॉम्पॅक्ट केल्यावरच सुटते. कोर्टकचेरीत किंवा हिशेबात पुरावा म्हणून लागू शकेल अशा मेलला मात्र हे करू नका. तो मूळ होता तसाच राहिला पाहिजे.

अँटिव्हायरस

इन्बॉक्स ही एकच फाइल असल्यामुळे एक वेगळाच धोका तयार होतो. दहा हजार मेलमधल्या एका अटॅचमेंटमध्ये व्हायरस निघाला तर अँटिव्हायरसला आतला एक मेल वेगळा दिसत नाही, त्याला एक फाइल दिसते. तो ती अख्खी फाइलच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडायच्या कप्प्यात, टाकतो. सकाळी ऑफिस उघडावं आणि इन्बॉक्स रिकामा, असं होतं ते यामुळे.

दोन उपाय, दोन्ही करा. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी"खाली अँटिव्हायरसचा भाग आहे. तिथे येणारा प्रत्येक मेल वेगळा क्वारंटाइन करू देण्याची चौकट टिक करा. मग नवा मेल आधी स्वतंत्र फाइलीत उतरतो आणि पकडला गेला तरी एकटाच जातो. आणि अँटिव्हायरसच्या "एक्सक्लूजन्स"मध्ये प्रोफाइल फोल्डर घाला. अटॅचमेंट उघडताना ती बाहेर तात्पुरती सेव्ह होते आणि तेव्हा तपासली जातेच, त्यामुळे संरक्षण संपत नाही. इन्बॉक्स आधीच गायब झाला असेल तर अँटिव्हायरसच्या क्वारंटाइन यादीत जाऊन "रिस्टोअर" करा. ही यादी ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामी होऊ शकते, तेव्हा उशीर करू नका.

बॅकअप

निवडक फाइली शोधून घेण्याच्या भानगडीत पडू नका. अख्खा थंडरबर्ड फोल्डर घ्या. त्यात मेलबरोबरच पत्त्यांची वही, फिल्टर, कॅलेंडर, खात्यांच्या सेटिंग्ज आणि सेव्ह केलेले पासवर्ड असतात. पासवर्ड दोन वेगळ्या फाइलींमध्ये मिळून राहतात, एक घेतली आणि एक राहिली तर उपयोग नाही. अख्खा फोल्डर घेतला की हा प्रश्नच उरत नाही.

१. थंडरबर्ड बंद करा. टास्क मॅनेजर उघडून यादीत त्याचं नाव उरलेलं नाही हे पाहा. चालू असताना घेतलेल्या प्रतीत अर्धवट लिहिलेल्या फाइली येतात आणि ते कळतं थेट परत आणताना.

२. फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू"मध्ये "हिडन आयटम्स" चालू करा आणि सी ड्राइव्हवरून वर सांगितलेल्या वाटेनं रोमिंग फोल्डरपर्यंत जा.

३. तिथला "थंडरबर्ड" फोल्डर कॉपी करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर, त्या दिवसाच्या तारखेच्या नव्या फोल्डरमध्ये पेस्ट करा. नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते.

४. दोन्हीकडे उजवी क्लिक, "प्रॉपर्टीज", आणि फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहा.

जुन्या प्रतीवर नवी कधीच चढवू नका. फोल्डर मंगळवारी बिघडला आणि तुमच्या लक्षात आलं पुढच्या सोमवारी, तर मधल्या शनिवारी घेतलेली त्या आठवड्याची प्रत बिघडलेलीच असणार. शेवटच्या चार आठवड्यांच्या आणि त्याआधीच्या तीन-चार महिन्यांच्या एकेक अशा प्रती ठेवल्या की पुरतं.

पेन ड्राइव्हवर घेत असाल तर एक अडचण हमखास येते. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले मिळतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. ड्राइव्हवर २० जीबी मोकळी असली तरी ५ जीबीचा इन्बॉक्स "फाइल टू लार्ज" म्हणून नाकारला जातो, आणि घाईत "स्किप" दाबलं जातं. उरलेला सगळा बॅकअप होतो, नेमका इन्बॉक्स सोडून. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसनं फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅट करताना त्यावरचं आधीचं सगळं जातं, हे ध्यानात ठेवून.

थंडरबर्डच्या टूल्स मेन्यूत "एक्सपोर्ट" आहे आणि लहान साठ्याला ते सोयीचं पडतं. प्रोफाइल २ जीबीच्या वर गेलं की ते चालत नाही, तेव्हा हातानं कॉपी करायची सवय असलेली बरी.

दोन डिस्क ठेवा आणि आलटून-पालटून वापरा, त्यातली एक ऑफिसबाहेर. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क दोन्ही एकाच पाण्यात असणार हे उघड होतं. घरी नेलेली डिस्क उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत विसरू नका आणि ऑफिसात कूलरच्या दमट झोतासमोर ठेवू नका. तिच्यात पक्षकारांची, ग्राहकांची कागदपत्रं आणि तुमचे पासवर्ड आहेत, म्हणून ती कुलपात राहिली पाहिजे. थंडरबर्डमध्ये "प्रायमरी पासवर्ड" लावला नसेल तर ती डिस्क हाती आलेला कुणीही आत साठवलेले पासवर्ड काढू शकतो.

क्लाउडवर प्रत चढवायला हरकत नाही, पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये बांधून. मात्र चालू प्रोफाइल फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका. थंडरबर्ड लिहीत असताना सिंक तीच फाइल उचलतं, दोघांची ओढाताण होते आणि फाइल बिघडते.

काही बिघडल्यासारखं वाटलं तर

पहिलं काम कोणतंही असो, दुरुस्तीचं नसतं. थंडरबर्ड बंद करा आणि आहे त्या अवस्थेत फोल्डरची प्रत घ्या.

नंतर मोठ्या फाइलीचा आकार बघा. फाइल भरलेली आहे पण थंडरबर्डमध्ये फोल्डर रिकामा, किंवा विषय एका मेलचा आणि आतला मजकूर दुसऱ्याचा दिसतो, तर अनुक्रमणिका चुकली आहे. फोल्डरवर उजवी क्लिक, "प्रॉपर्टीज", "रिपेअर फोल्डर". मेल सुरक्षित असतात, यादी नव्यानं बनते. फाइलच शून्य केबीची दिसत असेल तर रिपेअरनं काही होणार नाही. अँटिव्हायरसचं क्वारंटाइन बघा, नाहीतर बॅकअपमधली ती एक फाइल थंडरबर्ड बंद ठेवून जागेवर ठेवा आणि जोडीची एमएसएफ पुसा. बॅकअपच नसेल आणि डिस्क जुन्या पद्धतीची फिरती असेल, तर कॉम्प्युटर लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. एसएसडीमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीच्या न फिरणाऱ्या डिस्कमध्ये, पुसलेली जागा डिस्क स्वतःच लवकर साफ करते, त्यामुळे तिथे आशा फार थोडी.

खातं काढताना येणाऱ्या खिडकीत "रिमूव्ह मेसेज डेटा" अशी चौकट असते. तिच्यावर टिक करू नका. थंडरबर्ड नुसतं अनइन्स्टॉल केल्यानं मात्र प्रोफाइल जात नाही.

आउटलुकची जुनी, क्लासिक आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे पॉपचं अख्खं खातंच एका पीएसटी फाइलीत असतं आणि ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या "आउटलुक फाइल्स"मध्ये मिळते. वनड्राइव्ह डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेत असेल तर पीएसटी तिथून बाहेर हलवा. आउटलुक २०१० पासून तिची मर्यादा ५० जीबी आहे. फार जुन्या पद्धतीच्या पीएसटीची २ जीबी, आणि ती भरली की फाइल बिघडते. दुरुस्तीचं "स्कॅनपीएसटी" ऑफिसबरोबरच येतं. तेही चालवायचं ते आधी प्रत घेऊनच.

प्रत खरंच उघडते का

वर्षातून दोनदा, नव्या कॉम्प्युटरची वाट न पाहता, बॅकअप परत आणून पाहा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाका, तुमच्याकडे आहे त्याच किंवा त्याहून नव्या आवृत्तीचं. जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल उघडायला नकार देते. ते सुरू न करता बॅकअपमधला अख्खा थंडरबर्ड फोल्डर त्या कॉम्प्युटरच्या रोमिंगमध्ये ठेवा.

आता वायफाय बंद करा, नेटची वायर काढा, आणि मगच थंडरबर्ड उघडा. पॉप खातं असेल आणि नेट चालू राहिलं तर हे तात्पुरतं थंडरबर्ड नवे मेल सर्व्हरवरून उतरवून घेईल, कदाचित तिथून पुसूनही टाकेल, आणि ते तुमच्या रोजच्या कॉम्प्युटरवर कधीच येणार नाहीत.

उघडल्यावर कोरं दिसलं तर घाबरू नका. थंडरबर्डनं नवं प्रोफाइल बनवलेलं असतं. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावर "अबाउट प्रोफाइल्स" अशी लिंक आहे, तिथे जुनं प्रोफाइल निवडून "सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल" दाबा आणि पुन्हा सुरू करा. खातं दिसतं पण मेल नाहीत, असं असेल तर कधीतरी साठा डी ड्राइव्हवर हलवलेला असतो. सर्व्हर सेटिंग्जच्या तळाशी "लोकल डिरेक्टरी"मध्ये ती वाट वाचा, आणि तो फोल्डरही दर आठवड्याच्या बॅकअपमध्ये घ्यायला लागा.

सगळ्यात जुन्या वर्षाचा फोल्डर उघडा, त्यातली एखादी पीडीएफ उघडून शेवटच्या पानापर्यंत जा. सेंटमधल्या मेलची संख्या मूळ कॉम्प्युटरशी जुळवा, पत्त्यांच्या वहीत दोन नावं शोधा. जुळलं की थंडरबर्ड बंद करा, तो फोल्डर तिथून पुसा, रीसायकल बिन रिकामा करा, आणि त्यानंतर नेट जोडा.